मामा घरी नाही

अकोल्यात कोणाचा चेहरा किती गोरा करायचा, हे प्रणालीच्या हातात होतं. नासिरभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात ती संगणकावर बसायची. वाढदिवस, निवड, निवडीबद्दल अभिनंदन, अभिनंदनाबद्दल आभार. अर्धं शहर तिच्या पडद्यावरून उजळून निघायचं. उन्हानं रापलेला एखादा भाऊ ती असा काही धुऊन काढायची की चौकात फ्लेक्स लागल्यावर त्याची बायकोही परका माणूस समजून पदर सावरायची.

"बेटा, भाऊले आजून खोल," नासिरभाई मागून म्हणायचे. माणसाचा रंग उजळायला ते 'खोलणं' म्हणत. आधी ते हातानं पाट्या रंगवायचे, तेव्हाचा शब्द.

"आजून खोलले त भाऊ सोताले वळखनार नाई."

"थेच त पायजे. वळखलं त नाराज होतीन."

भाऊंच्या मागे काय टाकायचं, हे मात्र प्रणालीचं राज्य होतं. कोणाच्या मागे ती धबधबा सोडायची, कोणाच्या मागे सूर्य उगववायची. काम चालू असताना ती हळूच त्या चित्रात शिरायची आणि धबधब्याखाली बसून राहायची. नासिरभाईंनी हाक मारली की ओल्या अंगानं बाहेर यावं तशी दचकून परत यायची. "हे पोट्टी जागेपनी झोपते," असं तिची आई आशाबाई म्हणायची. तक्रार म्हणून म्हणायची, पण त्या सुरात थोडं कौतुकही असे. ज्या घराला झोप लागत नाही, तिथं निदान एकाला तरी जमतंय, अशातलं.

सगळ्या गावाचे चेहरे करणाऱ्या या मुलीचा स्वतःचा एकही फोटो कुठं नव्हता. मोबाईलवर तिच्या नावापुढे सूर्यफूल होतं. मैत्रिणी सेल्फी काढायला लागल्या की तिला नेमकी तहान लागायची.

कारण तिचा बाप सहदेव. हे नाव वाचून अमरावतीकडचा माणूस आजही एकदा मागे वळून बघेल.

सहदेव अमरावतीत छोटा हत्ती चालवायचा. पोती, फ्रिज, लग्नाची भांडी, जे मिळेल ते. फाट्यावर एस.टी.ची वाट बघणारी एकटीदुकटी बाई दिसली की गाडी थांबवून म्हणायचा, "चाल वो बाई, पोचवून देतो." आवाज गोड होता. पाच बाया अशा निघाल्या आणि पोचल्या नाहीत. पेपरवाल्यांनी त्याला 'पोचवणारा' असं नाव दिलं, पानंच्या पानं भरली, आणि जन्मठेप झाली त्या दिवशी सगळ्यांनी गोष्ट संपली म्हणून हात झटकले.

गोष्टीचा तो पहिला भाग. दुसरा भाग कोणी छापत नाही. तो आशाबाई आणि प्रणाली भाड्याच्या दोन खोल्यांत काढत होत्या.

पोलीस आले त्याच दिवशी आशाबाईनं अकरा वर्षांच्या लेकीला वाशीमकडं दूरच्या मावशीकडे धाडलं. तिथं टीव्ही नव्हता. होता तो बिघडवण्यात आला. शाळेत आईच्या माहेरचं आडनाव लागलं. बापानं काय केलं हे प्रणालीला कळलं, पण जेवढं न कळून चालणारच नव्हतं तेवढंच. मोठी झाल्यावर एकदा तिनं फोनवर त्याचं नाव टाकायला घेतलं. 'सह' एवढंच लिहिलं, तर पुढचं फोननंच लिहून दाखवलं. तिनं फोन उशीखाली पालथा घातला आणि त्या वाटेला परत गेली नाही. बापाची एक आठवण तिच्याजवळ गोड होती. एकच. ती तिनं कोणाला सांगितली नव्हती; आईलाही नाही. पेपरात वाचून ती नासली असती, म्हणून प्रणाली त्याच्याबद्दल काही वाचायची नाही.

फाल्गुनात तिच्या स्कूटीच्या हँडलला एक हिरवी काचेची बांगडी अडकवलेली दिसली.

कोणाची तरी राहिली असेल, म्हणून तिनं ती दुकानाच्या खिडकीत ठेवली. पुढच्या आठवड्यात दुसरी दिसली. ती हातात धरून प्रणाली उन्हात उभी राहिली. सहदेवच्या गाडीतल्या पान्यांच्या पेटीत बांगड्या सापडल्या होत्या. आईच्या तोंडून एकदाच निसटलेलं ते वाक्य होतं.

त्या दिवसापासून शहर बदललं. वऱ्हाडात उन्हाळा लागला की बाया तोंडाला रुमाल गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे. एरवी प्रणालीला हे फार आवडायचं. सगळं गाव आपल्यासारखंच बिनफोटोचं झालं, असं वाटायचं. आता रस्त्यावर नुसते डोळे चालत होते आणि त्यातले दोन तिच्यासाठी होते. चौकड्याच्या पुरुषी रुमालातली एक बाई तिला रसवंतीपाशी दिसली. मग बसस्टँडबाहेर. प्रणाली तिच्याकडे चालत गेली, तर मध्ये बाळापूरची एस.टी. आली, आणि एस.टी. गेल्यावर तिथं नुसती धूळ उभी होती, बाईच्या आकाराची.

"कोनीतरी आपल्याले वळखलं," ती आईला म्हणाली.

आशाबाई भाकरी थापत होती. थापटणं थांबलं. "गाव बदलू."

"किती बदलशीन? अकोल्याच्या पुढं खामगाव, मंग मलकापूर. पुढं वऱ्हाड सरते माय."

"त एम.पी.त जाऊ. तिकडं काय मानसं ऱ्हात नाई?" असं म्हणून तिनं भाकर तव्यावर टाकली. भाकर दुमडली ती तशीच भाजली गेली.

*

चौकड्याचा रुमाल शेवटी स्वतःच दुकानात आला. भर दुपारी. नासिरभाई नमाजाला गेले होते, मशीन बंद होतं आणि प्रणाली कोणा नगरसेवकाच्या मागच्या हिमालयात बसली होती.

बाईनं रुमाल सोडला. पन्नाशीचा, उन्हात रापलेला चेहरा. बाकावर बसून तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक पासपोर्ट फोटो काढला. पिशवीत हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

प्रणालीचा हात माऊसवर तसाच राहिला.

"माह्या पोरीचा फोटो मोठा करून पायजे," बाई म्हणाली. "शालू नाव. मी केशरबाई. धामनगावकडली."

शालू. चार सापडल्या, एक नाही सापडली. ती ही. प्रणालीला पळावंसं वाटलं, पण पाय हिमालयातच होते. तिनं फोटो घेतला, स्कॅन केला. हसू दाबणारी एक सावळी मुलगी पडद्यावर मोठी झाली.

"खोलू नको तिले," केशरबाई म्हणाल्या. "हाये तशीच राहू दे."

"खाली काय लिहू मावशी?" प्रणालीचा आवाज तिला स्वतःलाच दुरून आला. "हरवली आहे, का... भावपूर्ण..."

"थेच त मले समजून नाई राहिलं. हरवली म्हनाव त लोक हासतेत, म्हनतेत बुढी येडी झाली. श्रद्धांजली म्हनाव त कशावरून? म्या तिले पाह्यली का? तेरवी केली नाई, पानी सोडलं नाई. माह्या घरी पोरगी जिवंतबी नाई न् मेलीबी नाई." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुया बापाले इचारून सांगतं का, काय लिहाव थे?"

प्रणालीनं त्यांच्या पिशवीकडे बघितलं.

"बांगड्या तुमी..."

"हाव, म्याच. शालूच्या लग्नाचा चुडा होय. खुशालरावानं पत्ता देला तुया. पयले वाटे तुले भेव लागाव. मंग एक दिस तू गोळेवाल्याच्या गाडीजवळ एकटीच हासत उभी दिसली. मले असा राग आला! म्हतलं, हिले हासू कसं येते?"

खुशालराव म्हणजे आशाबाईचा दूरचा चुलत भाऊ. बाळापूरकडं तिच्या माहेरच्या गावी राहायचा. या घराशी त्यानं संबंध तोडले होते. का, हे प्रणालीला माहीत नव्हतं. ते आत्ता कळलं.

"थ्याचं वावर उकरलं न् पोलिसांनी," केशरबाई म्हणाल्या. "उभी तूर होती. लोक म्हने खुशालरावाची नांगरनी सरकारनं करून देली. तुया बापानं ठान्यात शालूचं एकच सांगतलं. किती मारलं, एकच. म्हने, तिले मामाच्या गावाले पोचवली. आता मामाचं गाव म्हनजे कोनतं? पयले माह्या भावाचं घर खनलं, शालूचा मामा म्हनून. तठी नाई. मंग कोनी म्हतलं, थ्याच्या सोताच्या पोरीच्या मामाचं असन. म्हनून बाळापूर. तठीबी नाई. मंग साहेब म्हने, मसनवट्याले म्हनत असन चोट्टा, मस्करी करून राह्यला."

केशरबाई बोलत होत्या. प्रणालीला मधूनच ऐकू येणं बंद झालं होतं.

तिला मामा नव्हता. आशाबाई आईबापाची एकुलती. दिवाळीत अमरावतीची त्यांची गल्ली ओस पडायची, पोट्टे आपापल्या मामाच्या गावाला जायचे आणि परत आले की महिनाभर मामा सांगायचे: मामाची बैलजोडी, मामाची विहीर, मामाचं कुत्रं. प्रणाली रडायची. मग एका दिवाळीत सहदेव म्हणाला, "चाल. तुयाबी मामा हाये. फकस्त मायले सांगू नको. तिले भाऊ नाई न्, थे रडते."

छोट्या हत्तीच्या मागच्या हौद्यात पोत्यांवर ती बसली. जग समोरून येत नव्हतं, पायाखालून निघून मागे मागे वाहत जात होतं. जिनिंगला जाणाऱ्या ट्रकांचा कापूस बाभळीच्या काट्यांना लागलेला. झाडंच्या झाडं ढगांत गुंतल्यासारखी. मग गाडी वळली, धूळ उठली, आणि धूळ खाली बसली तेव्हा एक लिंब होता, एक ओटा होता आणि निळ्या दाराची एक खोली.

"मामा!" सहदेवनं हाक मारली. मग कानाला हात लावून ऐकलं. "अरेच्चा! मामा घरी नाई. वावरात गेला."

"न् मामी?"

"मामी पान्याले गेली. पन पाय, तुयासाठी ठेवून गेली." आणि सीटखालून चकल्यांचा पुडा निघायचा. पुड्यावर अमरावतीच्या दुकानाचा शिक्का. प्रणालीला कळायचं नाही असं नाही. दुसऱ्या वर्षीच कळलं. पण कधी घरी न सापडणारा मामा मुळीच नसलेल्या मामापेक्षा बरा. गल्लीत तीही मग मामा सांगायला लागली. रात्री स्वप्नात ती तिकडे जायची. आजही जायची. दार निळंच असायचं, आतून कोणीतरी कडी काढायच्या बेतात असायचं, आणि जाग यायची. एवढ्या वर्षांत खरं किती आणि स्वप्न किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ती तिची गोड आठवण.

आणि शेवटची दिवाळी. त्या वर्षी सहदेव दाराजवळ गेला नाही. लिंबाखालीच उभा राहिला, बिडी न पेटवता. म्हणाला, "आज मामी घरी हाये. पन झोपली हाये. आवाज नको करू."

"ओ पोरी," केशरबाई म्हणत होत्या. "तुले इचारून राह्यली मी. तुले काई मालूम हाये का?"

पडद्यावर शालू हसू दाबून बसली होती.

"नाई मावशी," प्रणाली म्हणाली. "मले काई मालूम नाई."

*

आशाबाईला तिनं संध्याकाळी सांगितलं, अंगणात. सांगताना ती आईकडे नाही, वाळत घातलेल्या साडीकडे बघत होती. वारा साडीत शिरत होता आणि साडी जाड बाईसारखी दिसत होती. मामा, चकल्या, निळं दार, झोपलेली मामी.

आशाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले भाऊ नाई याचं दुख म्या थ्याच्याजवळ एकदाच बोलली होती. लगन झालं तवा. थेबी थ्यानं वापरून घेतलं."

"माय, मी काय करू?"

"मले इचारलं त मी नको म्हनीन. आजून एकदा पेपरात नाव, आजून एकदा दारावर शेन. तुया सोयरिकीचं सोड, पन मले रस्त्यानं चालता येते आता. भाजीवाली मले वैनी म्हनते." तिनं साडी ओढून काढली, घडी घातली, मोडली, परत घातली. "म्हनून मले इचारू नको."

"न् थे जागा नसनच त? मले सपनच पडलं असन त?"

"मंग बरंच हाये," आई म्हणाली. आणि घडी खांद्यावर टाकत, "पन थे केशरबाई सपनात नाई न् बाई."

रात्र कशी गेली ते कोणी कोणाला विचारलं नाही. सकाळी प्रणाली दुकान उघडण्याआधीच पायरीवर जाऊन बसली. नासिरभाई किल्ल्या वाजवत आले. तिनं ठरवलं होतं की एका दमात सांगायचं, आणि मध्ये थांबायचं नाही.

"नासिरभाई, मी सहदेवची पोरगी होय. थ्या सहदेवची."

नासिरभाईंनी कुलूप काढलं. शटर वर केलं. "मालूम हाये."

"कसं?"

"तुझ्या अम्मीनं पयल्याच दिवशी सांगतलं. म्हने, मागून कळलं त काढून टाकसान, त आत्ताच काढा." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "म्या म्हतलं, पोरीले फोटोशॉप येते का थे सांगा. आता बोल, कुठी जाऊन राह्यलो आपन? तुझं तोंड सांगते कुठीतरी जाऊन राह्यलो."

दुकानाचाही छोटा हत्तीच होता, फ्लेक्सच्या चौकटी न्यायला. फ्लेक्ससाठी केशरबाईंनी फोन नंबर दिला होता. प्रणालीनं तो लावला आणि म्हणाली, "मावशी, काल मी लबाड बोलली."

केशरबाई अमरावतीच्या बसस्टँडवर गाडीत चढल्या. रामराम नाही, काही नाही. पुढे तिघं दाटीवाटीनं बसली. पोलिसांना आधी कळवावं का, यावर बोलणं झालं होतं. "सांगू, पन काय सांगू?" नासिरभाई म्हणाले होते. "मामा न् निळा दरवाजा? आधी जागा त दिसू दे."

प्रणालीला एवढंच आठवत होतं की सहदेव कौंडण्यपूरचं नाव घ्यायचा. रुक्मिणीचं माहेर थे तुया मायचं माहेर, असं हसत म्हणायचा. तेवढ्यावर गाडी त्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी पळस पेटला होता. काढायची राहिलेली कपाशीची पऱ्हाटी वाळून खडखडत होती. बाभळींवर कापूस होता. सगळं ओळखीचं होतं आणि काहीच ओळखू येत नव्हतं. एक फाटा बघितला, दुसरा बघितला. नदीचा पूल दिसला तशी गाडी परत फिरवली. पुन्हा तोच रस्ता.

"याच्यात काई डाव त नाई न् तुया?" केशरबाई पहिल्यांदा बोलल्या. "बापासारखा?"

नासिरभाईंनी गाडी कडेला घेतली. "बाई, पोरीले इचार करू द्या."

"अकरा सालं म्या इचारच करून राह्यली."

प्रणाली खाली उतरली. रस्त्यावर उभी राहिली. समोर रस्ता येत होता. असा तो कधीच येत नव्हता. तो जायचा.

"मी मांग बसत होती," ती म्हणाली. "पोत्यांवर. मी हा रस्ता उलटा पाह्यला हाये."

ती मागच्या हौद्यात चढली आणि पाठ पुढे करून बसली. केशरबाई खाली उभ्या राहून बघत राहिल्या. मग साडी खोचली, नासिरभाईंनी दिलेला हात न घेता वर चढल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

गाडी निघाली. केशरबाईंनी हौद्याचा लोखंडी कठडा घट्ट धरला होता. "शालूबी अशीच बसली असन," त्या म्हणाल्या. प्रणालीनंही कठडा धरला. रस्ता पायाखालून निघून मागे वाहू लागला आणि हळूहळू तिचं वय कमी व्हायला लागलं. पळस मागे गेला, बाभळी मागे गेल्या. मैलाचा पिवळा दगड, मग कॅनॉलची भिंत, मग एकमेकींच्या अंगावर कललेल्या दोन शिंदी, भांडून पुन्हा मिठी मारलेल्या बहिणींसारख्या.

"थांबा!"

शिंदीच्या पलीकडून एक पांधण निघत होती, शेतांच्या मधून जाणारी गाडीवाट. पुढून येताना ती झुडपांत लपत होती. मागे बघणाऱ्यालाच दिसायची. गाडी आत जाईना, म्हणून तिघं चालत गेली. धूळ टाचांपर्यंत मऊ होती. प्रणालीला वाटलं, आता जाग येईल.

जाग आली नाही. लिंब आला, खूप मोठा झालेला. ओटा आला, मधोमध तडकलेला. कॅनॉलच्या चौकीदारासाठी कधीतरी बांधलेली खोली, आता कोणाचीच नाही. दार कोणीतरी जळणाला काढून नेलं होतं, पण चौकटीवर निळा रंग होता. ती जवळ गेली आणि नखानं खरवडला. रंगाचा टवका बोटाला लागला.

आत फरशा होत्या. एका कोपऱ्यात नव्हत्या. तिथं माती होती आणि मातीवर गवत.

केशरबाई आत शिरायला लागल्या तसे नासिरभाई उंबऱ्यावर आडवे आले. "नाई बहेन. आता नाई. आता त्यायचं काम." आणि त्यांनी ठाण्याला फोन लावला.

पोलीस आले तोवर ऊन कललं होतं. त्यांच्यात शेषराव नावाचे एक जमादार होते, रिटायरमेंटला आलेले. प्रणालीचं सांगणं त्यांनी दोनदा ऐकलं आणि मग खाली ओट्यावर बसले.

"बाळापूरले म्याच खनलं होतं," ते म्हणाले. "खुशालराव अजून शिव्या देते मले. या मामानं लय फिरवलं बाप्पा आमाले." मग मान वर करून, "न् तुले तवा कोनी इचारलं नाई?"

"नाई."

"लेकरू म्हनून." ते स्वतःशीच म्हणाले. "नाव सांग. पुरं."

"प्रणाली सहदेव," ती म्हणाली. तिनं बापाचं आडनाव सांगितलं तसा एक शिपाई लिहिता लिहिता थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. शेषरावांनी त्याला, "लिही बे," म्हटलं.

मग पंच आले, फावडी आली, तहसीलचा माणूस आला. बायांना लांब बसवलं. लिंबाच्या मुळीवर केशरबाई बसल्या, त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून प्रणाली. आतून फावड्याचा आवाज येत होता. मग फावडं थांबलं, आणि हातांनी माती सारल्याचा आवाज यायला लागला. लिंबाची पानं गळत होती, एक एक, घाई नसल्यासारखी. शेषराव बाहेर आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

केशरबाई रडल्या नाहीत. रडणं त्यांचं आधीच होऊन गेलं होतं, थोडं थोडं करून. त्यांनी ते हातभर अंतर बघितलं आणि म्हणाल्या, "अशी जवळ बस."

प्रणाली सरकली.

"तू आली होती म्हनतं न् अथी. थे आत असतानी."

"हाव."

"न् तुले मालूम नव्हतं."

"मले मालूम असं, आत मामी झोपली हाये."

"मंग काय केलं तुनं?"

प्रणालीनं डोळे मिटले. आतापर्यंत ही एकच दिवाळी ती टाळत आली होती. ओट्यावरून दाराला लागून बसलेली एक मुलगी तिला दिसली, नवा फ्रॉक, हातात फुलबाजीची जळकी काडी.

"दाराले फट होती. मी फटीले तोंड लावून बोलली. हळू. बाबा म्हने आवाज नको करू, म्हनून कानात बोलल्यासारखी."

"काय बोलली?"

"म्हतलं, मामी, मी प्रणाली. झोप तू, उठू नको. मामा त कदी भेटतच नाई, तू तरी भेटली. म्हतलं, मी वर्गात दुसरी आली. पयली थे सीमा येते, थे सरांची पोरगी होय."

केशरबाईंच्या घशातून आवाज आला. हसू होतं की काय होतं, कळलं नाही. "आजून?"

"म्हतलं, आमच्या घरी फटाके वले झाले. आवाजच नाई आला. न् तुले एकटं वाटत असन त मी उन्हाळ्यातबी येईन."

"आली होती?"

"नाई. उन्हाळ्याच्या आधी पोलीस आले."

आत कोणीतरी पांढरं कापड मागितलं. नासिरभाई गाडीकडे धावले. फ्लेक्सच्या चौकटी झाकायची धुतलेली चादर होती. ती घेऊन आले आणि आत दिली. केशरबाई तिकडे बघत होत्या, पण कान इकडे होता.

"आजून काय बोलली तिच्यासंगं?"

"आजून आठवत नाई मावशी."

"आठव," केशरबाई म्हणाल्या. "तिच्यासंगं बोलनारं तूच एक मानूस होय. आठव."

प्रणाली आठवायला लागली. नव्या फ्रॉकच्या गोंड्यांचं सांगितलं, ते खरं होतं. गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली होती, तेही खरं. पुढचं किती खरं आणि किती नाही, हे तिला नीट माहीत नव्हतं. पण तिचा आवाज खाली खाली गेला, फटीशी बोलावं इतका. शेतांवर संध्याकाळ पसरत होती, आणि केशरबाई तिचं मनगट धरून, गोष्ट ऐकणाऱ्या लेकरासारख्या, मधून मधून म्हणत होत्या, "हं. हं. मंग?"